मुखपृष्ठावरची ताई

गाणी लिहिणारे आणि त्यांना चाली लावणारे न्यूयॉर्कच्या आमच्या गल्लीत पैशाला पासरी मिळतात. पण दुकानात गिऱ्हाईक आधी बघतं ते स्वरलिपीच्या चोपडीवरचं चित्र, आणि ते काढते मी. १९१८ च्या उन्हाळ्यात तर सैनिक, झेंडे आणि फाटकाशी वाट बघणाऱ्या पोरी काढून काढून मला वीट आला होता. त्यात युद्धासाठी कागद वाचवायचा म्हणून चोपडीचा आकारही लहान झाला.

अशात ‘आई, माझी खुर्ची राखून ठेव’ हे नवं गाणं आलं. आमचे प्रकाशक झिमर म्हणाले, एवढ्याशा चित्रात दोनच चेहरे मावतील, लढाईला निघालेला मुलगा आणि त्याची आई. पण गाणार होती थिएटरची लाडकी गायिका लॅव्हिनिया डेअर. तिचं वय गेली कित्येक वर्षं एकोणतीसच होतं, आणि चोपडीवर आपला गोल चौकटीतला फोटो हवाच, असा तिचा हट्ट. फोटो घोड्यांच्या ट्रामगाड्या होत्या तेव्हाचा.

“मग त्या आईला काढून टाका की!” ती म्हणाली.

“आईच्या गाण्यातून आईला? लॅव्हिनियाबाई, उद्या नवरीवाचून लग्न लावाल!” झिमर म्हणाले.

“लग्नात मी गाणार असेन, तर नवरीकडे बघतंय कोण?”

झिमरनी हात टेकले. ही गायली नाही तर चोपड्यांचे गठ्ठे गोदामात कुजणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. जाता जाता ती मला म्हणाली, “ऑगस्टा, सैनिकाच्या चित्रासाठी माझ्या धाकट्या भावाला पाठवते. पुढच्या शनिवारी जहाज आहे त्याचं.”

दुसऱ्या दिवशी डेस्मंड आला. नवा कोरा गणवेश, त्यावर सुपाएवढे कान. त्याला उभं करून मी सहज विचारलं, “तुमची आई कशी बसते रे खुर्चीत?”

“आई आणि खुर्चीत? एका गावचा खेळ संपला की पळा दुसऱ्या गावची गाडी पकडायला! मी कपड्यांच्या पेटीत झोपायचो, ती बाजूला बसून माझी तुटलेली बटणं लावायची. अजून लावते. हे बघा, हे कालच...”

बोलता बोलता तो थांबला. कान लालबुंद झाले.

मी रेखाटायचा कोळसा खाली ठेवला. “गावोगाव खेळ करत हिंडायची ती तर लॅव्हिनिया! म्हणजे तुझी ताईच तुझी...?”

“चारचौघांत ताई. लहानपणापासून. थिएटरवाले म्हणतात, पोराच्या आईनं प्रेमाची गाणी म्हटली तर तिकीट कोण काढेल?” त्यानं कोटाचं ते बटण चाचपलं. “जाण्याआधी एकदा सगळ्यांसमोर तिला मोठ्यानं आई म्हणायचंय मला. परत येईन न येईन. म्हटलं तसं तिला. तर म्हणाली, बंदरावर पेपरवाले असतील.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच रागात मी चित्र पुरं केलं. खुर्ची नाही, घरातली शेगडी नाही. पेटीवर बसून लेकाच्या कोटाला बटण लावणारी बाई, आणि चेहरा लॅव्हिनियाचा. आजचा. सुरकुत्यांसकट.

तिनं ते पाहिलं आणि कडाडली, “ही कोण म्हातारी?”

झिमर छताकडे बघायला लागले. दारात उभा असलेला डेस्मंड हळूच म्हणाला, “मला तर छान दिसते ती.”

लॅव्हिनिया चित्र घेऊन खिडकीशी गेली. वळली तेव्हा डोळ्यांतलं काजळ गालावर आलं होतं. मला वाटलं, आता फाडते.

“हनुवट्या दोन काढल्यास,” ती म्हणाली. “एक पुरे.”

“आणि तो फोटो?” झिमरनी भीत भीत विचारलं.

“ठेवा तुमच्याकडे. रात्री झोप नाही आली तर बघा.”

चित्र छापलं गेलं. पण तोंडानं तिनं काहीच कबूल केलं नव्हतं. चित्रातली बाई आपल्यासारखी दिसते, एवढं हसण्यावारी नेणं तिला सहज जमलं असतं. त्यामुळे शुक्रवारी, जहाज सुटायच्या आदल्या दिवशी, चोपड्या खपाव्यात म्हणून दुकानात ती पियानोपाशी गायला उभी राहिली तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता. गाणं संपलं, चोपड्यांवर उड्या पडल्या. एका जाड्या बाईनं चोपडी नाचवत विचारलं, “अगंबाई, ही तर हुबेहूब तुम्ही! आणि हा सैनिक कोण? तुमचा भाऊ ना?”

पियानोमागे उभ्या असलेल्या डेस्मंडनं मान खाली घातली. लॅव्हिनियानं त्याच्याकडे पाहिलं.

“भाऊ कसला!” थिएटरच्या शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली. “नऊ महिने पोटात वाढवलाय मी त्याला!”

डेस्मंडनं तोंड उघडलं, पण जिभेला सवय जुनी. “ता...” म्हणून अडखळला. मग त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि हाक मारली, “आई!”

दुकानातल्या निम्म्या बायकांनी ‘ओ’ देत वळून पाहिलं.