अंधारातली दुरुस्ती

मित्रांनो, मी एक जुनी पेशी आहे. उचगावच्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करणाऱ्या विद्याश्रीच्या गळ्याखाली, त्वचेच्या तळच्या थरात माझं घर. एकीच्या दोन व्हायचं आणि नवी पेशी वर पाठवायची, हे माझं काम. माझ्यापाशी डीएनए नावाची लांबलचक पोथी आहे, चारच अक्षरांत लिहिलेली. तिची नक्कल करून मी माझ्या लेकीला देते.

परवा उकाडा फार होता. डोळ्यांसमोर काच आहे ना, मग झालं, असं म्हणून विद्याश्रीनं शर्टाची वरची बटणं उघडली. वेल्डिंगच्या उजेडात उन्हातल्यासारखेच अतिनील किरण असतात, तेही फार प्रखर. दिवसभर ते माझ्यावर पडले. पोथीत जागोजागी शेजारशेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटून बसली. तशीच नक्कल झाली असती तर चूक लेकीकडे, तिच्या लेकींकडे गेली असती. अशा चुका साठत गेल्या की कधीतरी कर्करोग होतो.

पण आमच्यातली व्यवस्था पाहा! नक्कल करणारं यंत्र चिकटलेल्या अक्षरांपाशी अडखळलं, तोच खबर देणारी प्रथिनं तिथं जमली. एकानं दुसऱ्याला फॉस्फेटची खूण लावायची, असा निरोप पुढं सरकत पी-५३ नावाच्या रखवालदार प्रथिनापर्यंत पोचला. त्यानं हुकूम सोडला, "नक्कल बंद! आधी दुरुस्ती." मग कापणारी प्रथिनं आली. चिकटलेल्या जागेसकट तीसेक अक्षरांचा तुकडा काढायचा आणि पोथीच्या दोन जुळ्या धाग्यांपैकी समोरचा शाबूत धागा वाचून नवा बसवायचा. किती नेटकं काम!

माझ्या शेजारणीचं नुकसान मात्र दुरुस्तीपलीकडचं होतं. चुकीची पोथी पुढं जाऊ नये म्हणून तिनं शांतपणे स्वतःला संपवलं. इतके दिवस आम्ही खेटून राहिलो होतो.

संध्याकाळी मालक राजशेखर आण्णांनी विद्याश्रीच्या गळ्यावरचा लाल त्रिकोण पाहिला.

"झालीस की गं पक्की वेल्डर! ह्ये आमचं मेडल हाय."

"आग हुतीया, आण्णा."

"हुणारच की! उद्या गेट द्यायचं हाय, येळंत ये."

मी हादरले. माझी दुरुस्ती अर्ध्यावर होती. पुन्हा तोच मारा झाला तर मलाही शेजारणीच्या वाटेनं जावं लागलं असतं. त्याहून वाईट म्हणजे, एखादी चूक सगळ्यांच्या नजरेतून सुटून पुढं गेली असती.

सकाळी वेल्डिंगचा चरचर आवाज आला. मी धास्तावून किरणांची वाट पाहू लागले. पण अंधारच! विद्याश्रीनं गळ्याभोवती जाड कापड गुंडाळलं होतं.

"ह्ये काय? लग्नाला निघालीस व्हय?" आण्णा ओरडले.

"गेट झाल्याबिगर कुठं जात न्हाय, आण्णा. पण मेडल तुमचं तुम्हालाच ऱ्हाऊ द्या!"

आण्णा मोठ्यानं हसले. गेट दुपारी गेलं. त्या अंधारात माझं काम चालूच राहिलं आणि अखेरचा तुकडाही बसला. रखवालदारानं बंदी उठवली. मी एकीच्या दोन झाले.

मित्रांनो, आम्ही पेशी पुष्कळ सावरून घेतो, पण त्याला वेळ लागतो. कडक उन्हात जाताना अंग झाकलंत, तर तेवढा वेळ आम्हाला मिळतो. माझी लेक आता वर निघाली आहे. तिच्या पोथीतलं अक्षर न् अक्षर बरोबर आहे.