पातळ कवचाचं अंडं

मित्रांनो, मी साखऱ्याच्या ओढ्याकाठची एक जुनी गावठी बदकीण आहे. मळकट तपकिरी पिसं, चपटी चोच आणि चालणं असं डुलतं की कोंबड्यांनीही हसावं. रूपाच्या नावानं शंखच! पण माझं अंडं बघावं. कोंबडीच्या अंड्याहून मोठं, फिकट निळसर, नख मारलं की टक्क वाजणारं. बलक झेंडूसारखा. मालकीण धुरपताबाई तापातून उठलेल्या लेकीला, आशाला, ते रोज उकडून द्यायची.

माझ्यासोबत एक नर होता. शेपटीवरचं वळलेलं पीस मिरवायचा, पण गळा घोगरा. जवळ गेलं तरच ऐकू येई. वेशीपर्यंत जाणारा कलकलाट सगळा माझाच.

अठ्ठेचाळीसचा उन्हाळा भीती घेऊनच आला. हत्यारबंद माणसं घरं लुटत गावोगाव फिरत होती. घरात कुणी आहे हे कळू नये म्हणून सारे दिवसाही दार लावून गप्प बसत, आणि नेमकी मी ओरडे. मालकिणीचा नवरा देवला वैतागला. "ह्यो अंडं देत न्हाई, वरून बोंबलून राहिला," म्हणत त्यानं नराची मान धरली. भीतीनं मी आणखीच ओरडले. तेव्हा ओरडणारी मीच हे त्याला उमगलं, पण नर मेला होता.

मग मला डालग्याखाली कोंडलं, वर पोतं टाकलं. बाहेर पावलं वाजली की मी थरथरे. खायला नुसता ज्वारीचा कोंडा. पंधरा दिवसांत माझं अंडं हातात घेताच फुटू लागलं. आशाचं रोजचं अंडं बंद झालं.

"म्हातारी झाली. उद्या हिलाबी कापू," देवला म्हणाला. सुरी दगडावर घासल्याचा आवाज मी ऐकला.

शेजारीण जाहेदानं ते कवच बोटांत चुरगळून पाहिलं. "कापता काहून? वढ्यातल्या गोगलगाई, शिंपल्या हिच्या पोटात न्हाईत. कवच कशाचं बनंल?"

दुसऱ्या दिवशी धुरपताबाईनं मला पदराखाली लपवून ओढ्यावर नेलं. पाणी दिसताच मला राहवेना. तेवढ्यात वरच्या वाटेनं बंदुकवाली माणसं आली. तिनं माझी चोच मुठीत दाबली. तिचं काळीज माझ्या पाठीशी धडधडत होतं.

"गप, माझे बाई," ती पुटपुटली. जन्मात पहिल्यांदा मी गप्प राहिले. माणसं निघून गेली.

ती रोज मला नेऊ लागली. आठवड्याभरात अंडं पुन्हा टक्क वाजलं. देवलानं सुरी आढ्याला खोचली. आशा अंगणात चालू लागली.

दिवाळीपर्यंत गाव शांत झालं. धुरपताबाईनं मोठ्या उमेदीनं माझी अंडी उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीखाली ठेवली. महिना उलटला. कवचं दगडासारखी टणक, पण एकातूनही पिल्लू निघालं नाही. गावात बदकाचा दुसरा नर नव्हता, मग अंडी फळणार कशी?

देवलानं ती अंडी मांडीवर घेतली. "गलती माझी," एवढंच म्हणाला.

मित्रांनो, मुक्या जिवाला कोंडू नका, त्याला त्याचं पाणी आणि चारा द्या. आणि भीतीपोटी सुरी उचलण्याआधी एवढं तरी बघा, ओरडतंय कोण.