आधी रेडिओ बंद करा

श्यामसुंदर परब दिवसभर बटणं नापास करायचा. अंधेरीच्या एका बटणांच्या कारखान्यात तो तपासनीस होता. वाकडं भोक, उडालेला रंग, चिरलेली कड, सगळं त्याला लांबूनच दिसायचं. संध्याकाळी जोगेश्वरीला परतला की तीच नजर घेऊन तो चाळीत फिरायचा. चाळीत पास होण्यासारखं कुणी नव्हतं.

सगळ्यात जास्त माल नापास व्हायचा रविवारी सकाळी. तेव्हा रेडिओवर ‘मामा आहेत का?’ लागायचं. लोकांनी फोन करून आपलं रडगाणं गायचं आणि मामांनी त्यावर उपाय सांगायचा, असा तो कार्यक्रम. उपाय असे, की करणाऱ्याची वाटच लागावी. चाळीतले लोक गॅलरीत बसून ऐकायचे आणि हसायचे. ते हसतात याबद्दल श्यामसुंदरची तक्रार नव्हती. ते चुकीच्या जागी हसतात, ही तक्रार होती.

चाळीने ‘खदखद श्रोता मंडळ’ही काढलं होतं. अध्यक्ष होते भाऊ. गिरणी बंद पडल्यापासून ते पूर्णवेळ अध्यक्षच होते. चिटणीसपद श्यामसुंदरने घेतलं होतं, कारण मंडळात विनोद कळणारा निदान एक माणूस असावा, असं त्याचं मत पडलं होतं. ते एकमताने पडलं होतं. मत त्याचं एकट्याचंच होतं.

आणि त्या रविवारी मामांनी जाहीर केलं, की पुढच्या आठवड्यात कार्यक्रमाचा वाढदिवस. आमच्या लाडक्या श्रोता मंडळांनी एकेक माणूस स्टुडिओत पाठवावा. त्याने माइकसमोर बसून आपला आवडता प्रसंग सांगावा.

 गेली दोन वर्षं श्यामसुंदर एक वाक्य घासूनपुसून तयार करत होता. ‘मामा, विनोद म्हणजे जे बोललं जात नाही ते.’ हे वाक्य एकदा रेडिओवरून जायला हवं होतं. त्यासाठी तो काहीही करायला तयार होता, अगदी मंडळाच्या सभेला वेळेवर जायलासुद्धा.

सभा भाऊंच्या दारात भरली. ज्याचा प्रसंग सगळ्यांत भारी, तो जाणार, असं ठरलं.

“माझा तो बोरिवलीच्या बाईचा,” शकु म्हणाली. ती टायपिस्ट होती आणि कुणाच्या बापाला भीत नसे. “नवरा घोरतो म्हणून तिने फोन केला. मामा म्हणाले, रिसीव्हर त्याच्या नाकाशी धरा. धरला. आख्ख्या महाराष्ट्राने घोरणं ऐकलं. आणि मग तिचा नवरा बाजारातून आला! घोरणारा कोण, तर खोली बघायला आलेला भाडेकरू!”

सगळे खिदळले. श्यामसुंदरने मनातल्या मनात बटण उलटं करून पाहिलं आणि डब्यात टाकलं.

“आणि तो मढचा कोळी!” लाँड्रीवाला काशीराम म्हणाला. “चुकून लागला रे फोन त्याचा. त्याला वाटलं हॉटेल आहे. मामांनी सरळ पापलेटची ऑर्डर दिली. पुढच्या रविवारी तो टोपली घेऊन स्टुडिओच्या दारात हजर! काय, झकास ना?”

“मासळी आणणं हा विनोद नव्हे,” श्यामसुंदर म्हणाला. “तो धंदा आहे.”

“बरं, तुझा कुठला? सांग की.”

श्यामसुंदरने घसा साफ केला. “ट्रॉम्बेचे गृहस्थ. अणुकेंद्रातले. मामांनी विचारलं, आपलं नाव? ते म्हणाले, सांगता येणार नाही. काम काय करता? सांगता येणार नाही. आज जेवायला काय होतं? आणि मग...” त्याने हात वर केला. “मग ते गप्प बसले. ती जी शांतता होती ना, ती माझा आवडता प्रसंग.”

गॅलरीतही शांतता पसरली. तिला तो दाद समजला.

“म्हणजे तू स्टुडिओत जाऊन काय करणार?” शकुने विचारलं. “गप्प बसणार?”

त्यावर मात्र सगळे हसले, आणि श्यामसुंदरच्या मते तेही चुकीच्या जागी.

मग भाऊंनी मांडीवर थाप मारली. “अरे, आपण बाहेरचे कशाला धुंडाळतोय? आपल्या खंडूचा फोन विसरलात होय?”

एकदम सगळे बोलायला लागले. खंडूच्या फोनसारखा फोन झाला नाही. मामा खुर्चीवरून पडले होते. शकुला ते पडल्याचा आवाज आठवत होता. काशीरामला खंडूचं एकेक वाक्य पाठ होतं, आणि भाऊंनाही होतं. फक्त दोघांची वाक्यं वेगळी होती. खंडू स्वतः खांबाला टेकून बसला होता. तो मुळातच कमी बोलायचा. फोन झाला त्या दिवशीही लाँड्रीतून बाहेर येऊन तो “झालं” एवढंच म्हणाला होता. बाकीचं चाळीने हळूहळू वाढवत नेलं होतं.

श्यामसुंदरचा संताप अनावर झाला, कारण खंडूचा फोन त्यांच्यातल्या एकानेही ऐकला नव्हता.

त्याचं असं होतं. चाळीत फोन एकच, काशीरामच्या लाँड्रीत. फोन लावला की मामांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: “आधी रेडिओ बंद करा.” कारण जवळ रेडिओ चालू असला, की त्याचा आवाज फोनमध्ये शिरायचा, फोनमधला पुन्हा रेडिओत, आणि कुकरच्या वर ताण करणारी शिट्टी व्हायची. चाळीच्या भिंती पापडाएवढ्या. तिथे एकाने रेडिओ बंद करून काय होणार? म्हणून चाळीचा नियमच झाला होता: आपला माणूस फोनवर गेला, की काशीराम लाँड्रीचं काचेचं दार बाहेरून लावून इस्त्रीने नळाचा पाइप बडवायचा आणि सगळी चाळ रेडिओ बंद करायची. आपल्या माणसाला नीट बोलता यावं म्हणून सगळी चाळ श्वास रोखून बसायची आणि त्याचा एक शब्दही ऐकायची नाही. या व्यवस्थेत काही चुकतंय असं कुणालाही वाटलं नव्हतं.

“तुम्ही ऐकलाच कुठे खंडूचा फोन?” श्यामसुंदर ओरडला. “सगळ्यांचे रेडिओ बंद होते!”

“ऐकायला कशाला लागतंय?” भाऊ म्हणाले. “आपला खंडू आहे तो.”

“पण तो मुळीच विनोदी नव्हता! मी सांगतो काय झालं ते. खंडू म्हणाला, हॅलो. मामा म्हणाले, रेडिओ बंद करा. खंडू म्हणाला, बंद आहे. मामा म्हणाले, मग शिट्टी कोण वाजवतंय? खंडू म्हणाला, मला पण तेच विचारायचं होतं. आणि फोन कट! संपलं!”

 मग शकुने तोंडाला पदर लावला. काशीराम भिंतीला धरून खाली बसला. भाऊंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “मला पण तेच... अरे देवा... मला पण तेच विचारायचं होतं!” चाळीने आजवर रचलेल्या कुठल्याही आवृत्तीपेक्षा ही भारी होती.

हसू ओसरल्यावर शकुने डोळे पुसले आणि विचारलं, “पण काय रे श्याम, तुला कसं माहीत?”

श्यामसुंदरने छपराकडे पाहिलं.

“लाँड्रीच्या भिंतीला लागून खोली तुझीच ना?” काशीराम सावकाश म्हणाला. “म्हणजे शिट्टी तुझी होती तर!”

नियम बटणांसाठी असतात, तपासनिसासाठी नाही, असं श्यामसुंदर मानत आला होता. म्हणून त्याने त्या दिवशी रेडिओ नुसता बारीक केला होता. हे त्याने सांगितलं नाही. सांगायची गरजही उरली नव्हती. खंडू एकमताने निवडून आला. या वेळी मतं खरोखर सगळ्यांची होती.

“चिडू नको रे,” जाताना खंडू त्याला म्हणाला. “तुझ्यामुळेच झाला तो फोन.” त्याच्या एरवीच्या मानाने हे भाषणच होतं.

पुढच्या रविवारी खंडू इस्त्रीचा शर्ट घालून स्टुडिओत गेला आणि चाळीने सगळे रेडिओ मोठे केले. श्यामसुंदर पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. कोपऱ्यात त्याची आई, रुक्मिणी, तांदूळ निवडत ऐकत होती. खंडूने प्रसंग सांगितला. मामा हसले. मग मामा म्हणाले, “अहो, पण तो शिट्टीवाला कोण? त्याला फोन नाही लावला तर वाढदिवस कसला? नंबर सांगा.”

रेडिओत घंटी वाजली आणि भिंतीपलीकडे लाँड्रीतही वाजली. कधी नव्हे ते दोन्हीकडे एकच वाजत होतं.

काशीरामने पाइप बडवला. “रेडिओ बंद! सगळे बंद! श्याम, धाव, तुझा फोन!” खटाखट रेडिओ बंद झाले. भाऊ स्वतः दारोदार फिरून तपासू लागले. श्यामसुंदर लेंग्याची नाडी सावरत धावला. खंडू निवडून आल्यावर वाया गेलेलं ते वाक्य आता जाणार होतं, आणि थेट मामांच्या कानात.

“हॅलो,” तो म्हणाला.

“आधी रेडिओ बंद करा.”

“बंद आहे.”

“मग बोला, शिट्टीवाले! काय म्हणता?”

श्यामसुंदरने तोंड उघडलं. दोन वर्षं घासलेलं वाक्य इतकं गुळगुळीत झालं होतं, की ते हाताला लागेना. विनोद म्हणजे... विनोद म्हणजे काय होतं? बंद काचेच्या दाराबाहेर भाऊ, शकु, काशीराम, मुलंबाळं, सगळे श्वास रोखून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यांवर इतका विश्वास होता, की त्याला किळस आली. तो गप्प राहिला. मामाही गप्प राहिले. शांतता लांबत गेली. ट्रॉम्बेपेक्षाही लांबली.

मग भिंतीपलीकडून शिट्टी सुरू झाली. आधी बारीक, मग कान फाटतील अशी. फोन कट झाला.

रिसीव्हर ठेवून तो बाहेर आला. “झालं,” तो म्हणाला.

“अरे, हाणलास रे!” भाऊंनी त्याला मिठी मारली. तासाभरात गॅलरीत चहा आला आणि श्यामसुंदरला त्याचा फोन सांगण्यात आला. त्याने मामांना कसं गप्प केलं, हे काशीरामला आठवत होतं. तो बटणांवरून जे बोलला ते तर शकुला फारच आवडलं होतं. श्यामसुंदर एकेक वाक्य ऐकत होता आणि मनात नापास करत होता.

“रुक्मिणीकाकी, तुम्ही सांगा,” शकु खट्याळपणे म्हणाली. “शिट्टी या वेळी तुमचीच होती. तुम्ही ऐकलंत ना?”

श्यामसुंदरच्या हातातला कप थांबला. चाळीत खरं काय ते ठाऊक असलेली एकच बाई होती, आणि तिला खोटं बोलता येत नाही असा तिचा लौकिक होता.

आईने सुपातला खडा उचलून बाहेर फेकला. “माझो झील रेडिओवर, नि मियां बंद करू?” ती म्हणाली. “आयकलंय तर. हसान हसान पोट दुखाक लागला.”

“पण बोलला काय, काकी?”

“ता माका सांगूक येवचा नाय,” आई म्हणाली, आणि पुढे गप्प बसली.

सगळे पोट धरून हसले. श्यामसुंदरने पाहिलं, ते बरोबर जागी हसत होते. त्याचा त्याला फार राग आला.

“ते बटणाचं काय म्हणालीस मघाशी?” जरा वेळाने तो शकुला म्हणाला. “नीट सांग परत. मला शब्द जसेच्या तसे लागतात.”