कडूबा नावाचा लढवय्या

मच्छिंद्रला लढवय्या व्हायचं नव्हतं. कुणालाच व्हायचं नव्हतं, म्हणून तर ते सोंग त्याच्या गळ्यात पडलं. श्रीपतीने पुण्याहून इंजिनिअरिंग संपवून येताना एका जाडजूड इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स आणि वीस बाजूंचा एक फासा आणला होता. जालन्याच्या घरी, माडीवर सतरंजी अंथरून त्याने पहिल्याच रविवारी सगळ्यांना खेळ समजावून सांगितला. एक कल्पनेतलं राज्य. तिथे राक्षस, भुयारं, शापित विहिरी. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं आणि त्या सोंगाने काय केलं ते तोंडाने सांगायचं. जमलं की फसलं, हे फासा ठरवणार. श्रीपती स्वतः सूत्रधार. त्याच्या धाकट्या बहिणीने, उमाने, कुणाला विचारायच्या आत मांत्रिकीण पटकावली. कारभारीने चोर घेतला, कारण चोराला कुलपं उघडता येत होती. उरला लढवय्या. त्याला ना मंत्र येत ना विद्या. अंगावर चिलखत, हातात ढाल-तलवार, आणि काम काय, तर पुढे उभं राहायचं आणि मार खायचा.

"म्हंजी बैलाचंच काम की ह्ये," मच्छिंद्र म्हणाला.

"मानाचं काम आहे रे," श्रीपती म्हणाला. स्वतः कधी पुढे उभं राहावं न लागलेली माणसं हे फार सहज म्हणतात.

मच्छिंद्र आणि कारभारी एकाच गावचे, भोकरदनच्या वाटेवरचे. श्रीपतीचे वडील जालन्यात पाटबंधारे खात्यात होते आणि कॉलेजात हे तिघं एका बाकावर बसले होते. पुढे श्रीपती पुण्याला गेला, मच्छिंद्र शेतीला लागला, आणि कारभारी जालन्यातल्या एका बियाण्याच्या कंपनीत चिकटून रोज बसने ये-जा करू लागला. श्रीपती परत आला आणि नोकरी मिळेपर्यंत घरीच बसला, तेव्हा या खेळाने तिघांना पुन्हा एकत्र आणलं. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. तेव्हा जालन्यात असलं काही खेळणारे दुसरे कुणी असतील असं वाटत नाही.

सोंगाला नाव द्यायचं होतं. उमाने 'मृगांका' ठेवलं. कारभारीने 'तेजसिंह', म्हणजे चोराला साजेसंच! मच्छिंद्रला ऐनवेळी काही सुचेना. त्याच्या तोंडून आजोबांचं नाव निघालं, कडूबा. उमा हसून हसून आडवी झाली.

"हसू नको," मच्छिंद्र म्हणाला. "माह्या आज्याच्या आधीची लेकरं जगत नव्हती. मंग ह्येचं नाव कडू ठिवलं. मरणानं तोंडात घातलं तरी थुकून टाकावं म्हणून."

"मग चांगलंच आहे," उमा म्हणाली, आणि तिने आपल्या हाताने कागदावर वळणदार अक्षरात 'कडूबा' लिहिलं.

पहिले काही रविवार मच्छिंद्र नुसता तलवार चालवत राहिला. दिसला राक्षस की धाव पुढे. तो पुढे धावला की मागे मांत्रिकीण उघडी पडायची आणि एका फटक्यात लोळायची, आणि मग उमा तासभर फुगून बसायची. हळूहळू त्याच्या लक्षात आलं की लढवय्याचं काम मारायचं नाहीच. त्याचं काम जागा धरायचं. अरुंद बोळ बघायचा, दाराची चौकट बघायची, तिथे पाय रोवायचे आणि मागच्यांना म्हणायचं, करा तुमचं काम निवांत. एकदा हे कळलं आणि गडी त्या सोंगात असा काही रमला की शेतात पाणी देतानाही तो बांधाबांधातली अरुंद जागा हेरत असायचा.

रमायचं कारण दुसरंच होतं खरं तर. घरी मच्छिंद्र तिघा भावांत मधला. तो जेवला काय, न जेवला काय, कुणाच्या लक्षात यायचं नाही. पण माडीवर प्रत्येक नव्या दाराशी आल्यावर उमा आधी विचारायची, "कडूबा कुठंय?" कारभारी कुलपाला हात लावण्याआधी विचारायचा, "कडूबा हाय ना म्होरं?" तो पुढे आहे म्हटल्याशिवाय कुणी पाऊल टाकत नसे. या एका प्रश्नासाठी तो दर रविवारी धक्के खात जालन्याला यायचा. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगायला लाज वाटली असती.

मग काळ्या डोंगराची मोहीम सुरू झाली. डोंगराच्या पोटात नागराजाचा मणी, तो आणायचा. आत शिरण्याआधी टोळीने शपथ घेतली पाहिजे, असं श्रीपतीने सांगितलं. मागे पडलेल्याला टाकून कुणी जायचं नाही. "घेतली, असं नुसतं म्हणा," तो म्हणाला. मच्छिंद्रला ते पटेना. त्याच्या घरचा देव खंडोबा. पुढच्या रविवारी तो खिशात बेलाची पानं आणि पुडीत भंडारा घेऊन आला, आणि सतरंजीवर त्याने तो मांडला. उमाला भारी मजा वाटली. तिने लगेच हात ठेवला, वर कपाळालाही भंडारा लावून घेतला. कारभारीचा हात मात्र जरा घुटमळला. बेलभंडार उचलणं म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. गावात त्यावर बांधाचे तंटे मिटलेले त्याने पाहिले होते.

"खेळात कशाला खरा बेल?" तो म्हणाला.

"मंग काय खोटा आणू?" मच्छिंद्र म्हणाला.

कारभारीने हात ठेवला.

ती मोहीम पावसाळाभर चालली. दिवाळीनंतर श्रीपतीला बंगलोरची नोकरी लागली आणि शेवटचा रविवार ठरला. उमाने चिवडा केला होता, तिच्या आईने चहाचा थर्मास वर पाठवला होता. चोराने नागराजाच्या उशाखालून मणी काढला, आणि परतताना लोखंडी दाराशी मागून राक्षस आला. बाहेर पडायची ती एकच वाट. कडूबा चौकटीत उभा राहिला.

"तुम्ही व्हा बाहेर," मच्छिंद्र म्हणाला. "म्या धरतो. हाक मारली की मला वढा."

"मृगांका बाहेर जाते," उमा म्हणाली.

"तेजसिंह बाहेर," कारभारी म्हणाला. "दार वढून घेतो. भायरून कडी लावतो."

मच्छिंद्र थांबला. तो भांडणाची वाट बघत होता. साधं डबकं ओलांडायचं म्हटलं तरी टोळीतले तिघं अर्धा तास भांडायचे. मी आधी का तू आधी, दोर कुणी बांधायचा, मंत्र वाया घालवायचा का. आज माणूस आत ठेवून दार लावलं आणि कुणी हूं की चूं केलं नाही. उलट फासा अजून श्रीपतीच्या मुठीतच होता आणि उमाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"तुमचं आधीच ठरलंय का?" त्याने विचारलं.

श्रीपतीचा चेहरा उजळला. त्याला चोरी पकडल्यासारखं मुळीच वाटलं नाही. "अरे, शेवट तसाच हवा ना! सगळे सुखरूप घरी गेले, याला काय अर्थ आहे? लढवय्या असतोच यासाठी. वीरमरण! बुधवारी कारभारी कंपनीतून इकडे आला होता तेव्हा बोललो आम्ही. खरं तर कल्पना त्याचीच."

"तुला आवडेल असं वाटलं मला," उमा म्हणाली.

कारभारी चिवड्यातले शेंगदाणे वेचत होता. त्याने मान वर केली नाही.

मच्छिंद्रला मरायचं दुःख नव्हतं. विचारलं असतं तर त्याने स्वतः होऊन मान दिली असती, हसत दिली असती. हे तिघं बुधवारी इथेच बसून, इथलाच चहा पीत, त्याला कुठे मारायचं ते ठरवत होते, आणि चौथ्याला बोलवावं असं एकालाही वाटलं नव्हतं. बेलावर हात ठेवलेले दोघंही त्यांत होते.

"बरं," तो म्हणाला. "फासा तर टाक. का त्येबी ठरलंय?"

श्रीपती दुखावला. काहीही म्हणा, तो फाशाशी बेइमान नव्हता. त्याने स्टीलचं ताट पुढे ओढलं आणि सगळ्यांसमोर राक्षसाचा वार टाकला. चुकला. कडूबाचा बसला. पुन्हा राक्षसाचा, ढालीवर. एकदा खांदा फुटला, एकदा गुडघा टेकला, पण चौकट सोडली नाही. मच्छिंद्र कुणाकडे बघत नव्हता. तो फक्त फासा उचलायचा आणि टाकायचा. बाकीचे चिवडा खायचे थांबले. उमा आपोआप पुढे सरकून बसली. शेवटी असा आकडा पडला की श्रीपतीने ताटाकडे वाकून दोनदा बघितलं.

"पडला," तो हळूच म्हणाला. "राक्षस पडला."

उमाने टाळी वाजवली आणि मग तिचं तिलाच काहीतरी आठवून हात खाली घेतले.

"कडूबा दार वाजवतो," मच्छिंद्र म्हणाला, आणि त्याने सतरंजीच्या बाहेर उघड्या फरशीवर मुठीने ठोकलं. "राक्षस मेला. उघडा."

खाली उमाच्या आईने रेडिओ लावला होता तेवढा ऐकू येत होता.

"कडी बाहेरून आहे," श्रीपती अखेर म्हणाला. "बाहेरच्यांनी सांगायचं."

उमाने कारभारीकडे बघितलं. "कडी तू लावलीस."

"आपण थितं कुठं हावोत आता?" कारभारी म्हणाला. "आपण तर डोंगर उतरून गेलो. ऐकू कसं येईल?"

"उतरलो असं कुणी म्हटलं नव्हतं," उमा म्हणाली, पण दबक्या आवाजात. "परत जाऊ या ना."

"परत जायचं म्हंजी पुन्हा ते भुयार, पुन्हा ते सगळं. पाचाची बस जाईल. आन् राजाचा दरबार राह्यलाच हाय."

श्रीपतीने दरबाराचा प्रसंग फार मनापासून रचला होता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. मणी आणणाऱ्यांचा सत्कार, कडूबाच्या नावाने चिरा, उमाचं भाषण. जिवंत कडूबाचं त्या दरबारात काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. "मच्छिंद्र," तो अजिजीने म्हणाला, "समजू या की त्याने आत जखमांमुळे… म्हणजे सुंदर होईल रे."

मच्छिंद्रने पुन्हा फरशी ठोकली. या वेळी मूठ लागली.

उमा खाली बघत राहिली. कारभारी घड्याळाकडे बघत राहिला. कडी काही निघाली नाही, आणि श्रीपतीने घसा खाकरून दरबार सुरू केला. मच्छिंद्र शेवटपर्यंत बसला. उठून जाणं त्याला कोतेपणाचं वाटलं. चिऱ्याचं वर्णन चाललं होतं तेव्हा त्याने थंड झालेला चहा पिऊन टाकला.

पाचाच्या बसला गर्दी नव्हती. दोघं नेहमीसारखे एका बाकावर बसले. जालना मागे पडलं. कारभारीने तिकिटाची सुरळी केली, उलगडली, पुन्हा केली.

"दर टायमाला कडूबा कुठंय, कडूबा कुठंय," तो एकदम म्हणाला. "सगळी कुलपं म्या उघडली. तेजसिंह कुठंय, असं एकदातरी कुणी इचारलं का?"

मच्छिंद्रने त्याच्याकडे बघितलं. हे त्याला खरंच माहीत नव्हतं. क्षणभर त्याला कारभारीची दयाही आली.

"म्हून मला आत ठिवलं?"

"ठिवलं म्हंजी काय? खऱ्या डोंगरात ठिवलं का तुला?" कारभारीचा आवाज चढला. "तू तर असा बसला जसं काय बापाचं मयत झालं. अरे खेळ होता तो. निस्ता खेळ! थितं ना दार होतं ना कडी."

"तेच म्हणून राह्यलो म्या," मच्छिंद्र म्हणाला. "दार नव्हतं. कडीबी नव्हती. भुयारात जायचं नव्हतं, रगत सांडायचं नव्हतं. माह्याकडं बघून 'उघडलं' येवढंच म्हणायचं होतं. फुकट होतं, कारभारी. त्येवढंबी तुह्यानं झालं न्हाई."

राजूर आलं, माणसं चढली, उतरली. बस पुन्हा सुरू झाल्यावर कारभारी म्हणाला, "बसचं ध्यान होतं माझं. दुसरं काही न्हाई."

मच्छिंद्रने मान हलवली आणि खिडकीची काच ओढून घेतली. गावात उतरल्यावर कारभारी नेहमीप्रमाणे "येतो रे" म्हणाला. मच्छिंद्र न वळता आपल्या वाटेला लागला. त्याला ते नीट ऐकू आलं होतं.