हत्तींचं टाकं

एल्फ्रिडाने गाडी थांबवली, खाली उतरली आणि वाळूतल्या पावलांपाशी नुसतीच बसून राहिली. हत्ती बघायला आलेले मागच्या सीटवरचे दोघे पाहुणे, नवराबायको, कॅमेरे सरसावून उठले. मी गाडीतूनच तिचा चेहरा बघितला आणि काहीतरी बिनसलंय हे ओळखलं.

हुआब नदीच्या कोरड्या पात्रात सकाळपासून एकही हत्ती दिसला नव्हता. एरवी सगळा कळप झाडांखाली शेंगा वेचत असतो. आज पावलं होती, ताजीही होती, पण नदी सोडून ती आमच्या गावाकडे वळली होती.

"थिमो, टाकं भरायचं राहिलं रे," ती हळूच म्हणाली.

कुठलं, ते मला विचारावं लागलं नाही. आमच्या गावात दोन टाकी. एक घरांच्या मधोमध, माणसांचं. दुसरं लांब माळावर, हत्तींचं. पंप सुरू केला की पहिलं पाणी हत्तींना, मग आपल्याला. बाहेरच्यांना यात भूतदया दिसते. कसली भूतदया! तहानलेला हत्ती दारात येऊ नये एवढाच त्यातला हेतू. पंप आठवडाभर एकेका घराने सांभाळायचा, आणि हा आठवडा एल्फ्रिडाचा होता. पण पाहुण्यांना फोटोंसाठी कोवळं ऊन हवं होतं. ते अंधारातच येऊन उभे राहिले आणि परतल्यावर भरू म्हणून ती निघाली.

घरी तिचे वडील एकटे होते. योसुआबाबांचे गुडघे कामातून गेलेत. रोज सकाळी कोणीतरी त्यांना माणसांच्या टाक्याशेजारी खुर्चीत आणून बसवतं.

पावलांच्या मागे जाता येईल का, असं पाहुणीने विचारलं. एल्फ्रिडा हसली. ते हसणं मला बघवलं नाही. तिने गाडी अशी हाणली की माझं डोकं दोनदा टपावर आपटलं. वाटेत हरणांचा कळप लागला, पाहुणे थांबा म्हणाले, ती थांबली नाही. फोनला रेंज नव्हती तरी ती एका हाताने पुन्हा पुन्हा लावत होती.

"गप्प बसलं तर हत्ती काही करत नाहीत, तूच सांगतेस ना सगळ्यांना?" मी म्हणालो.

"आमचे बाबा कधी गप्प बसलेत? काठी उगारतील ते."

ते खरंच होतं. भांडायला माणूस मिळाला नाही तर योसुआबाबा वाऱ्याशी भांडतात.

गावात शिरलो तेव्हा माणसांच्या टाक्याची भिंत आडवी झाली होती. पंपाची नळी उखडून बाजूला पडली होती आणि हत्ती वाहत्या पाण्यात सोंडा घालून उभे होते. त्यांच्यापासून चार हातांवर म्हातारा खुर्चीत. काठी मांडीवर, मान खाली. मागे कॅमेरे वाजत होते. एल्फ्रिडाने स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. तिला उतरता येत नव्हतं. ती उतरली असती तर हत्ती बिथरले असते.

पोटभर पाणी पिऊन ते सावकाश निघून गेले. ती धावली.

"शिव्या द्यायच्या होत्या मला," बाबा म्हणाले. "तोंडच उघडेना, पोरी."

ती त्यांच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून रडली. पण थोडाच वेळ. घराघरांतून बायका पातेली, डबे घेऊन आल्या होत्या. खळग्यांत साचलेलं गढूळ पाणी डोळ्यांदेखत वाळूत मुरत होतं, आणि नळी जोडून होईपर्यंत गावाला दुसरं नव्हतं. त्यांनी तिच्यापुढे भांडी मांडली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

एल्फ्रिडा गाईडच्या गणवेशातच चिखलात गुडघे टेकून बसली. ओंजळीने पाणी भरून ती ज्याच्या त्याच्या भांड्यात ओतू लागली. पाहुण्यांनी कॅमेरे खाली ठेवले होते.

बाबांनी खुर्चीतूनच आपला टिनाचा मग पुढे केला.

"आपल्या घराचं शेवटी, बाबा," ती मान वर न करता म्हणाली.

म्हाताऱ्याने हात मागे घेतला, रिकामा मग मांडीवर ठेवला आणि खळग्यातलं पाणी कमी होताना बघत बसला.