भंगारवाल्याचा काटा

आमच्या सांता ब्रिखिदा गावातल्या शाळेची मधली सुट्टी साडेदहाला होते आणि सव्वादहापासूनच आया कुंपणाच्या गजांना चिकटलेल्या असतात. यंदापासून शाळेत गोड सोडा, चिप्स, केक विकायला बंदी आहे. आत मिळते ती काकडीची फोड आणि राजगिऱ्याची वडी. सरकारनं खूप विचार करून आतली बाजू सुधारली, कुंपणाचं मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यामुळे गजांमधून मक्याच्या उकडलेल्या पिठाचा तामाल भरलेले पाव आत जातात, तिखट सॉस ओतलेल्या चिप्सच्या पिशव्या जातात आणि पाण्याच्या बाटल्यांमधून काळाकुट्ट सोडा जातो. बाटलीवर ‘शुद्ध पाणी’ असं छापलेलं असतं. मुख्याध्यापिका लेओकादियाबाईंना डोळे आहेत, पण त्यांना नोकरीसुद्धा टिकवायची आहे.

हे सगळं मला दिसतं, कारण शाळेच्या समोरच माझं शिलाई मशीन आहे. मी ओब्दुलिया. शाळेचे गणवेश गेली बावीस वर्षं मीच शिवते. पूर्वी आठ वर्षांच्या पोरीला आठ नंबरचा स्कर्ट होत असे. आता चौदा नंबरचा बेततानाही हात आखडून चालत नाही. यावर आयांनी तोड काढली आहे. त्या म्हणतात, “ओब्दुलियाताई, शिवा चौदाचा, पण आत चिठ्ठी लावा आठची. पोरीचं मन दुखतं हो.” पोरींना नंबर वाचायचा कंटाळा असतो. चिठ्ठी वाचतात त्या आयाच, आणि मनही त्यांचंच दुखतं. मी चिठ्ठ्या लावत आले. मी शिंपीण आहे, डॉक्टर नाही, असं स्वतःला सांगायची सोय होती.

आठची चिठ्ठी लावून घेणाऱ्यांत मारिक्रूस पहिली. तिची नऊ वर्षांची यारेत्सी म्हणजे माझी धर्माची लेक. बाप्तिस्म्याला मीच तिला मांडीवर घेतली होती, म्हणून ती मला माद्रिना म्हणते आणि मारिक्रूस व मी एकमेकींच्या कोमाद्रे. आमच्याकडे हे नातं सख्ख्या बहिणीच्या वरचं मानतात. म्हणजे भांडणही सख्ख्या बहिणीपेक्षा मोठं होतं.

मार्चमध्ये आरोग्य केंद्राची माणसं काटा घेऊन शाळेत आली. प्रत्येक मुलाचं वजन झालं, उंची झाली, मान तपासली आणि घरोघर कागद गेले. यारेत्सीच्या कागदावर लिहिलं होतं, वजन बावन्न किलो, मानेवर काळे चट्टे, म्हणून रक्तातली साखर तपासण्यासाठी पंधरा दिवसांत घेऊन यावे, सोबत पालक हवाच.

दुसऱ्याच दिवशी पालक सभा झाली. एरवी सभेला चार बाया येतात, त्या दिवशी पटांगण पुरेना. पालक समितीची अध्यक्ष ग्रिसेल्दा उभी राहिली. तिच्या जुळ्या पोरांचे कागद तिच्या हातात होते.

“बाई, माझी पोरं लठ्ठ? अहो, त्यांची हाडंच जड आहेत!”

“हाडं एवढी जड नसतात हो,” लेओकादियाबाई हळूच म्हणाल्या.

“मग तुमचा काटा बिघडलाय.”

पटांगणात सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. हे कुणाला आधी सुचलंच नव्हतं. एकीला आठवलं, काट्यावर चढताना तो कुरकुरला होता. दुसरी म्हणाली, सरकारी वस्तू कधी धड असते का? कागदावरची पोरं कुंपणातून काय खातात, हे विचारायचं एकीलाही सुचलं नाही. मला सुचलं होतं, पण माझ्याकडे त्या आठवड्यात अकरा स्कर्ट शिवायला होते.

आता दुसरा काटा हवा होता, माणूस मावेल एवढा. गावात असे दोनच. एक धान्य दुकानदाराचा, पण तो विकणारा माणूस, त्याचा काटा जास्तच दाखवतो हे सगळ्यांना पाठ. दुसरा भंगारवाल्या एलादियोचा. एलादियो गाडीवर कर्णा लावून जुने फ्रिज, पलंग, वॉशिंग मशीन विकत घेत फिरतो. विकत घेणाऱ्याचा काटा कोणत्या बाजूला झुकतो, हे सांगायला नको. त्या काट्याला सांता ब्रिखिदातल्या प्रत्येक बाईनं आयुष्यात एकदा तरी चोर म्हटलेलं आहे.

समितीनं एकमतानं एलादियोचा काटा निवडला.

शनिवारी त्याच्या आवारात जत्रा भरली. गंजलेल्या पलंगांमध्ये पोरांची रांग लागली. एलादियोनं काटा पुसला, डोक्याला टोपी घातली आणि एकेकाचा आकडा कर्ण्यावरून पुकारू लागला. आकडा आला की टाळ्या. ग्रिसेल्दाची जुळी चढली. दोघांनी मिळून काट्यावर वीस किलो गमावले आणि ग्रिसेल्दानं डोळे पुसले. “बघा! म्हटलं नव्हतं? हाडं!” आयुष्यभर चोर म्हणवून घेतलेला एलादियो त्या दिवशी गावचा पंच झाला होता आणि बिचाऱ्याला ते आवडतही होतं.

यारेत्सी चढली. “बेचाळीस!” कर्णा ओरडला.

मारिक्रूसनं मला मिठी मारली. “ऐकलंस, कोमाद्रे? बेचाळीस! त्या मेल्यांनी दहा किलो जास्त लिहिले होते.”

यारेत्सी काट्यावरून उतरली नाही. ती आकड्याकडे बघत राहिली. गणितात तिचा हात कुणी धरत नाही.

“आई,” ती म्हणाली, “जानेवारीत आपण वॉशिंग मशीन विकलं, तेव्हा तू म्हणाली होतीस, हा काटा पन्नासातले दहा खातो.”

“तर मग?”

“मग माझेही दहा यानंच खाल्ले असतील ना?”

एलादियो टोपी काढून डोकं खाजवू लागला. मग ग्रिसेल्दा जोरात हसली, “काय बाई पोरीची जीभ!” आणि सगळ्यांना हसायची परवानगी मिळाली. मारिक्रूसनं लेकीला हाताला धरून खाली ओढलं, आरोग्य केंद्राचा कागद सगळ्यांसमोर फाडला आणि वजन कमी भरल्याच्या आनंदात तिला तीन मजली क्रीमचा केक कापून दिला. केक ग्रिसेल्दानं आदल्या दिवशीच सांगून ठेवला होता. निकालाची तिला एवढी खात्री होती.

सोमवारी शाळा सुटल्यावर यारेत्सी माझ्याकडे आली. स्कर्टचा हूक तुटला होता. त्या महिन्यातला तिसरा. आल्याआल्या ती माठातलं पाणी तीन पेले ओळीनं प्यायली. मग दप्तरातून तिनं एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. फाडलेले तुकडे तिनं चिकटपट्टीनं नीट जोडले होते.

“माद्रिना, तुझी टेप तरी खरं सांगते का गं?”

“टेप कशाला खोटं बोलेल?”

“मग चिठ्ठी आठची कशी?” तिनं कमरेशी स्कर्ट उलटून दाखवला. “मला ठाऊक आहे. वर्गात इत्सेल सडपातळ आहे, तिचीही चिठ्ठी आठचीच आहे.”

एवढी वर्षं मी समजत होते, पोरी चिठ्ठ्या वाचत नाहीत. मला लाज वाटली. खरंच वाटली, आणि ती लपवायला मी उगाच दोरा शोधत बसले. माप घेताना तिच्या वेण्या वर केल्या, तर मान लालबुंद सोललेली. काळा पट्टा होता तसाच होता.

“हे काय?”

“आई रविवारी घासते. लिंबू, खायचा सोडा आणि काथ्या. म्हणते, मळ आहे, मी नीट अंघोळ करत नाही.” ती जरा थांबली. “मी करते, माद्रिना. रोज करते.”

मी कात्री घेतली, स्कर्टमधली आठची चिठ्ठी उसवली आणि पोरीला घेऊन सरळ कोपऱ्यावर मारिक्रूसच्या तामालच्या गाडीपाशी गेले. ती पातेली विसळत होती. मी जोडलेला कागद तिच्यापुढे धरला. आरोग्य केंद्रात माद्रिनाची सही चालत नाही, नाहीतर मी तिला विचारलंही नसतं.

“उद्या हिला घेऊन जायचं. पंधरातले निम्मे दिवस गेलेच.”

“पुन्हा तेच? बेचाळीस आले ना?”

“कोमाद्रे, त्या काट्यानं तुझं वॉशिंग मशीन खाल्लं. तू आठवडाभर शिव्या घालत होतीस.”

“मशीन वेगळं, पोर वेगळी.” तिनं पातेलं आपटलं. “आणि साखर कशी होते ते तुला माहीत नाही? माझ्या आईला झाली ती बस उलटली तेव्हाच्या दचक्यानं. काकाला कुत्रा अंगावर आला त्या भीतीनं. माझ्या लेकीला मी आजवर कशाची भीती वाटू दिलेली नाही. अंधारात पाठवत नाही, ओरडत नाही. तिला कुठून साखर होणार? उलट तिथं नेलं, सुई दाखवली, की पोर घाबरेल आणि मग खरंच होईल!”

हे आमच्या गावाचं सगळ्यात पक्कं शास्त्र आहे. साखर, म्हणजे मधुमेह, होते ती भीतीनं. रोजच्या दोन लिटर सोड्यानं आजवर कुणालाही काही झालेलं नाही, कारण सोड्याला कुणी घाबरत नाही.

“तिच्या बापाला विचारलंस?” मी म्हटलं.

“तो शिकागोत भांडी घासतोय. फोनवर रोज एकच सांगतो, पोरीला हवं ते खायला घाल, मी कशासाठी राबतोय?” तिचा आवाज चढला. “आणि तू कोण शिकवणारी? आम्ही पाच भावंडं मीठ लावलेल्या एका पोळीवर वाढलो. मी शेजारणीच्या दारात उभी राहायचे वासासाठी. तेव्हाच ठरवलं, माझ्या पोटच्या पोरीला ‘नको’ ऐकावं लागणार नाही. तुला पोर नाही, तुला काय कळणार?”

ते लागलं. लागावं म्हणूनच ती बोलली होती. एरवी मी महिनाभर अबोला धरला असता, पण यारेत्सी आमच्या दोघींमध्ये उभी होती आणि मानेवरची सोललेली जागा हातानं झाकत होती.

“पोर नाही, पण टेप आहे,” मी म्हटलं. “मी लोकांच्या पाठी बघते, कोमाद्रे. ब्लाउजचं माप देताना तू केस वर घेतेस. गळ्यातला रुमाल सोड.”

“कशाला?”

“सोड म्हणते ना.”

तिनं सोडला नाही. मीच पुढे होऊन तिच्या मानेवरचा रुमाल सोडला. लेकीच्या मानेवर होता तसाच काळा पट्टा, जास्त रुंद, आणि त्याच्यावर जुन्या-नव्या घासल्याच्या खुणा.

“हा किती वर्षं घासतेयस?”

रुमाल हातात घेऊन मारिक्रूस गाडीच्या कडेला टेकली. मग म्हणाली, “माझ्या आईलाही होता. तीही मला घासायची.” साखरेपायी तिच्या आईचा पाय कापला तेव्हा मी दवाखान्यात होते. त्यानंतर ती सात महिने जगली. बस उलटल्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

यारेत्सी आईजवळ गेली आणि तिनं त्या पट्ट्यावरून बोट फिरवलं. “हा मळ नाही, आई. निघत नाही. मी पण घासून पाहिलंय.”

मंगळवारी आम्ही तिघी आरोग्य केंद्रात गेलो. मारिक्रूसनं सवयीनं पिशवीत तामालचे दोन पाव घेतले होते, पोरगी उपाशी राहू नये म्हणून. रक्त उपाशीपोटी घेतात, असं नर्सनं सांगितलं तेव्हा तिनं पिशवी मागे लपवली. यारेत्सी काट्यावर चढली. बावन्न किलो सहाशे.

“आई,” ती वळून म्हणाली, “हा काटा काहीच खात नाही.”

सुई टोचली. तिनं हात मागे घेतला नाही, फक्त माझं बोट दुखेपर्यंत दाबलं. डॉक्टर तरुण होती. तिनं आकडा पाहिला आणि सांगितलं, साखर अजून झालेली नाही, पण दारात उभी आहे. घरात जेवणारा प्रत्येकजण बदलला, तर पोर सावरेल. एकट्या पोरीनं बदलून काही होणार नाही. मग तिची नजर मारिक्रूसच्या मानेवर गेली. घाईत निघताना मारिक्रूस रुमाल विसरली होती.

“तुम्हीही चढा, सेन्योरा.”

“मी? मी कशाला? मी लेकीसाठी आलेय.”

“चढ, आई. पिशवी मी धरते.”

मारिक्रूसनं माझ्याकडे बघितलं. तिनं चपला काढल्या, पिशवी लेकीच्या हातात दिली आणि डोळे मिटून काट्यावर चढली. मग तशीच मिटल्या डोळ्यांनी तिनं बोट पुढे केलं. सुई टोचली, नर्सच्या हातातलं छोटं यंत्र वाजलं. आकडा नर्सनं पाहिला, डॉक्टरनं पाहिला. मान उंचावून यारेत्सीनंही पाहिला. शंभराच्या आत असावा लागतो, हे तिनं मघाशीच विचारून ठेवलं होतं.

“किती?” मारिक्रूसनं विचारलं. डोळे अजून मिटलेलेच होते.

डॉक्टर बोलायच्या आधी यारेत्सीनं पिशवी खाली ठेवली आणि आईचा हात धरला.

“घाबरू नकोस हं,” ती म्हणाली, आणि तिनं खरा आकडा सांगितला.