गंगीचा कडक उपास

पार्वतम्माचा जीव मुलापेक्षा वासरात जास्त होता, सुनेत तर मुळीच नव्हता. गंगी कालवडीला बेंबीपाशी हर्निया झाला होता. आतडं भोकातून उतरून पोटाखाली लिंबाएवढा फुगा आला, तेव्हाच सून राजेश्वरी म्हणाली, डॉक्टरला दाखवा. पार्वतम्मा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी खेकसली, "शाळा शिकलीस म्हून जनावरातलं कळतंय व्हय? तुज्या म्हायेरात शेरडू तरी हुतं का?" सुनेचा पाणउतारा केल्याशिवाय तिला भाकरी गोड लागत नसे. राजेश्वरीचा नवरा संगप्पा मान खाली घालून जेवायचा.

फुगा नारळाएवढा झाला तेव्हा संगप्पाने सोलापूरच्या डॉक्टरला फोन लावला. "सोमवारी आणा, भोक शिवून टाकू. आदल्या रात्रीपासून कडक उपास ठेवा," डॉक्टर म्हणाला. संगप्पाने तेच घरात सांगितलं.

सोमवारी सकाळी राजेश्वरी शेण काढायला गोठ्यात गेली, तर गंगी आईला चुरूचुरू पीत होती आणि सासू तिची पाठ खाजवत होती. "उपासाला दूध चालतंय की," पार्वतम्मा म्हणाली. जन्मभर सोमवार धरणारी बाई ती. तिच्या लेखी उपास म्हणजे धान्य बंद, दूध-केळं चालू.

राजेश्वरीच्या भावाच्या ऑपरेशनला नर्सने घोटभर पाणीसुद्धा दिलं नव्हतं. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन श्वासात जातं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने तोंड उघडलं.

"काय बगतीस? माज्या लेकराला दिष्ट लावतीस?"

राजेश्वरीने तोंड मिटलं. एकदा तरी हिचं नाक कापलं जाऊ दे, असं तिला वाटलं.

दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, "उपाशी आहे ना?"

"कडक उपास हाय," पार्वतम्मा ठसक्यात म्हणाली.

गंगी राजेश्वरीचा पदर चघळत होती. अजून सांगता आलं असतं. राजेश्वरीने पदर तेवढा सोडवून घेतला.

गंगीला इंजेक्शन देऊन उताणं बांधलं. डॉक्टरने आतडं आत सारलं, टाके घालायला घेतले, आणि गंगीच्या नाकातोंडातून दूध आलं. तिला सोडवलं, डोकं खाली केलं, छाती दाबली. गंगी गेली.

"दूध कुणी पाजलं हिला?"

"मीच की. उपासाला..." पार्वतम्मा अडखळली. डॉक्टर तिला वाटेल ते बोलला. राजेश्वरीला ते ऐकून गोड वाटलं, आणि त्याची लाजही वाटली नाही.

एवढ्यात सासू तिच्याकडे वळली. "हिला ठावं हुतं! गोठ्याच्या दारात हुबी ऱ्हाऊन बगत हुती ही. एक शबुद काढला न्हाय!"

"गप, अव्वा!" संगप्पा गरजला. "सोता मारलंस आन् हिच्यावर ढकलतीस?" लग्नापासून पहिल्यांदाच तो बायकोच्या बाजूने बोलला होता. मग त्याने हळूच विचारलं, "तू बगितलं हुतंस का?"

"न्हाय," राजेश्वरी म्हणाली.

म्हातारी फरशीवर गंगीचं डोकं मांडीत घेऊन बसली. अर्धवट शिवलेल्या पोटावरून हात फिरवत ती पुन्हा पुन्हा खरं तेच सांगत राहिली, आणि संगप्पा बायकोला घेऊन बाहेर निघून गेला.